यशवंतीचे चार दिवस

मिरगाच्या आधी लाकडं आत घ्यायची, हा आमच्या घरचा जुना नेम. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी, कुडाळजवळच्या आईच्या घरी आम्ही तेच करत होतो. परसात उघड्यावर रचलेली फाटी उचलायची आणि खोपीत नेऊन पुन्हा रचायची. मुंबईहून सुट्टीला आलेला माझा नऊ वर्षांचा भाचा मोठ्या हौसेने एकेक ओंडका ओढत होता. ढिगाच्या तळाला एक कुजकं बारदान होतं. ते त्याने उचललं आणि किंचाळला, "आत्या, मगरीचं पिल्लू!"

मगरीचं नव्हतं. असेल फार तर वीतभर लांब, त्यातली निम्म्याहून जास्त शेपूट. काळपट अंगावर पिवळ्या ठिपक्यांचे आडवे पट्टे, लांब मान, आणि क्षणाक्षणाला बाहेर येणारी, टोकाला सापासारखी दुभंगलेली जीभ. अंगणातल्या सरड्याला, पालीला किंवा सापसुरळीला अशी जीभ नसते. ही खूण लक्षात ठेवली तर घोरपडीचं पिल्लू ओळखायला फार अभ्यास लागत नाही. मोठी घोरपड मातकट, राखाडी दिसते. पिल्लू मात्र असं नक्षीदार असतं. म्हणूनच बहुतेक लोकांना ते वेगळंच जनावर वाटतं. हिंदी मुलखात तर याच पिल्लाला बिसकोबरा म्हणतात आणि त्याच्या दंशाने माणूस जागीच मरतो, असा पक्का समज आहे. समज खोटा आहे, पण त्यापायी ठेचली जाणारी पिल्लं खरी आहेत.

आरडाओरडा ऐकून शेजारचे आबा गडग्यापाशी आले. त्यांनी एकदा वाकून बघितलं आणि म्हणाले, "गे, ह्यां घोरपडीचां पिल्लू. थंयच ठेव, जातलां आपसूक."

मी ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

ऐकलं नाही त्याला दोन कारणं झाली. एक म्हणजे आमचं मांजर गडग्यावर बसून सगळा प्रकार टक लावून बघत होतं. दुसरं कारण जास्त घातक. मला त्या पिल्लाची दया आली. एवढासा जीव, आई कुठे दिसत नाही, आणि आता डोक्यावरचं छप्परही आम्हीच काढलेलं. मी बारदानासकट त्याला उचललं, आईकडून बेसनाच्या लाडवांचा मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा रिकामा करून घेतला, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली आणि डबा नेऊन ठेवला स्वयंपाकघराच्या ओट्यावर. कारण तिथे उजेड चांगला होता, आणि येता-जाता लक्ष राहील असं वाटलं.

भाच्याने तेवढ्यात बारसंही उरकलं. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली ज्या घोरपडीला दोर बांधून कोंढाणा गाठला, ती यशवंती. म्हणून हीसुद्धा यशवंती. ती घोरपड दंतकथेतली आहे, इतिहासकार तिला मानत नाहीत, हे मी त्याला सांगू शकले असते. मी शाळेत शिकवते, असली दुरुस्ती करण्याची खोड मला आहे. पण त्या दिवशी नाव मलाही आवडलं. आता कळतं, की जनावराला नाव दिलं की ते परत सोडणं दुप्पट अवघड होतं. पिल्लू नर आहे की मादी हे तर आमच्यापैकी कोणालाही कळत नव्हतं.

पहिल्या रात्री मी केलेली चूक सांगायला आजही लाज वाटते. दरवर्षी नागपंचमीच्या आधी वर्गात मुलांना मी घसा फोडून सांगते, की साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही, पाजू नका. तीच मी, रात्री नऊ वाजता, औषधाच्या ड्रॉपरने घोरपडीच्या पिल्लाच्या तोंडात पाणी घातलेलं गाईचं दूध सोडत होते. लहान जीव म्हणजे दूध, हे डोक्यात इतकं मुरलेलं असतं, की शिकवलेलं सगळं ऐनवेळी बाजूला पडतं. तिसऱ्या थेंबाला यशवंतीच्या नाकपुडीतून बुडबुडा आला. मी घाबरून थांबले. घशाऐवजी श्वासनलिकेत गेलेला थेंब फुप्फुसात उतरला, तर असा जीव दोन-चार दिवसांत न्यूमोनियाने जाऊ शकतो. आमचं नशीब म्हणून तसं झालं नाही.

खरं तर तिला भरवायची गरजच नव्हती. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच बलकाचा उरलेला साठा पोटात घेऊन, आणि सुरुवातीचे काही दिवस त्यावर निघतात. त्यापुढेही, आपल्यासारखं त्याला चार वेळा खायला लागत नाही. स्वतःचं अंग आतून तापवत ठेवण्याचा खर्च त्याच्या शरीराला नसतो, म्हणून ते थोडक्यात भागवतं. एका दिवसाच्या उपाशीपणाने असं पिल्लू मरत नाही. पाण्याविना राहणं, जास्त तापणं आणि सतत हाताळलं जाणं, यांनी मरतं. दूध, भात, पाव, शिजवलेलं अंडं, खिमा, यातलं काहीही तोंडात कोंबू नये. उथळ झाकणात पाणी ठेवावं, तेही इतकं उथळ की त्यात पिल्लाचं नाक बुडणार नाही. प्यायचं तेव्हा ते पितं.

आणि आईचं म्हणाल, तर घोरपड अंडी घालते, बीळ मातीने बुजवते आणि निघून जाते. अंडी कित्येक महिने जमिनीत राहतात. पिल्लं स्वतःच उकरून बाहेर येतात, त्या दिवसापासून स्वतःच किडे पकडतात आणि स्वतःच लपतात. त्यांना आई शिकवत नाही, भरवत नाही, शोधतही नाही. मांजराचं किंवा कुत्र्याचं पिल्लू एकटं दिसलं तर ते पोरकं असू शकतं. सरड्याच्या, पालीच्या, घोरपडीच्या पिल्लाच्या बाबतीत पोरकं हा शब्दच लागू पडत नाही. एकटं असणं हीच त्याची रीत. मी आपल्या घरातलं दुःख त्याच्या गळ्यात घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने गवतातून एक नाकतोडा पकडून आणला आणि डब्यात सोडला. अर्धा तास काही नाही. मग यशवंतीने मान उचलली, जीभ दोनदा बाहेर काढली, आणि काय झालं ते दिसायच्या आत नाकतोड्याच्या फक्त तंगड्या तोंडाबाहेर होत्या. आम्ही टाळ्या पिटल्या. त्या एका नाकतोड्याने आमची डोकी फिरवली. तोवर मी मनाशी म्हणत होते की उद्या सोडू. नाकतोडा खाल्ल्यावर म्हणायला लागले, जरा बाळसं धरू दे, मग सोडू. जे पिल्लू स्वतःची शिकार स्वतः करतं आहे त्याला आपली गरज नाही, एवढा साधा अर्थ त्या घटनेचा होता. आम्ही बरोबर उलटा काढला.

त्याच उत्साहात मी फोटो काढला आणि घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी आबा आले. डब्यात बघून हसले. त्यांच्या माळ्यावर त्यांच्या वडिलांचं एक जुनं घुमट आहे, मडक्याच्या तोंडाला घोरपडीचं कातडं ताणून बसवलेलं. गणपतीच्या आरतीला आमच्या भागात आणि गोव्यात ते वाजतं. आता कायद्यामुळे बकऱ्याचं कातडं लावतात आणि तसंच घुमट गोव्याने २०१९ साली राज्याचं वारसा-वाद्य म्हणून जाहीर केलं. जुने वादक अजून म्हणतात की तो नाद यात नाही. आबा त्याच पिढीतले. म्हणाले, "आमी घोरपडीचां कातडां काढलां, तू दूद पाजतंस. घोरपडीक दोनय सारख्यांच."

मला राग आला. आज ते वाक्य मी वर्गात सांगते.

तिसरा दिवस सर्वांत वाईट गेला. कुठेतरी वाचलं, की सरपटणाऱ्या प्राण्यांना ऊन लागतं. ते खरंच आहे. उन्हातल्या किरणांशिवाय त्यांच्या अंगात डी जीवनसत्त्व नीट तयार होत नाही, मग कॅल्शियम मिळूनही उपयोग होत नाही आणि वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी निकामी, कारण हवे ते किरण काच अडवते. एवढं ज्ञान घेऊन मी सकाळी दहाच्या सुमारास डबा उचलला आणि झाकणासकट पडवीच्या पायरीवर उन्हात ठेवला. दहा मिनिटांनी आत घेणार होते. तेवढ्यात आंबे घ्यायला गिऱ्हाईक आलं, वजनकाट्यावरून बोलणं लांबलं. आठवण झाली तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील.

डब्याला आतून वाफ धरली होती. यशवंती एका कोपऱ्यात तोंड वासून, मान वर करून पडली होती. डोळे अर्धे मिटलेले. पिवळे पट्टे फिके पडल्यासारखे वाटत होते.

रानात पिल्लू दगडावर येऊन ऊन खातं आणि पुरेसं झालं की सावलीत सरकतं. दिवसभर त्याची ही ये-जा चालू असते. त्याला ऊन हवं म्हणजे ऊन सोडून जाता येणंही हवं. बंद पारदर्शक डब्यात त्याला जायला जागाच नव्हती. उन्हात ठेवलेल्या बंद गाडीत लहान मूल विसरण्यासारखंच मी केलं होतं.

मी डबा घेऊन थेट नळाकडे धावले. आईने हात धरला. "तापल्या भांड्यावर गार पाणी ओतू नये, एवढं तरी कळतं ना?" तिने डब्याचं झाकण काढलं, डबा माजघराच्या गारव्यात जमिनीवर ठेवला, ओलं फडकं पिळून एका बाजूला पसरलं आणि दुसरी बाजू कोरडी ठेवली, म्हणजे पिल्लाला हवं तिकडे जाता यावं. साध्या पाण्यात बुडवलेलं बोट तिच्या नाकापुढे धरलं. पंधरा मिनिटांनी यशवंतीने तोंड मिटलं. अर्ध्या तासाने जीभ बाहेर आली. आईने आयुष्यात कधी सरपटणाऱ्या प्राण्यांबद्दल एक ओळ वाचलेली नाही, पण तिने जे केलं ते नेमकं करायचं असतं ते होतं.

त्याच दुपारी फोन वाजला. ग्रुपवरचा फोटो कोणीतरी पुढे ढकलला होता, त्याने आणखी कोणाला, आणि अनोळखी आवाज विचारत होता, की पिल्लू आहे म्हणजे मोठीही जवळपास असणार, ती कुठे दिसते? सांधेदुखीवर तिचं तेल हवं होतं म्हणे. पैसे देणार होता. मी नंबर चुकीचा आहे म्हणून फोन ठेवला आणि ग्रुपवरचा फोटो काढून टाकला, पण गेलेला फोटो परत येत नसतो.

या तेलाने सांधे बरे होत नाहीत. घोरपडीच्या मटणाने ताकद येत नाही. पूजेच्या सामानाच्या काही दुकानांतून हत्था जोडी नावाची, दोन जुळलेल्या हातांसारखी दिसणारी मुळी विकली जाते आणि तिजोरीत ठेवली की बरकत येते असं सांगतात. त्यातल्या पुष्कळ मुळ्या प्रत्यक्षात नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रियं असतात. भक्तिभावाने कुंकू वाहणाऱ्याला आपण काय पुजतो याची कल्पनाही नसते. एक फोटो टाकून मी या सगळ्या बाजाराला आमच्या परसाचा पत्ता देऊ केला होता. पिल्लू सापडलं तर फोटो जरूर काढा, ओळख पटवायला तो लागतो. पण तो वन विभागाला किंवा जाणकाराला एकट्यालाच पाठवा, आणि जागेचा उल्लेख इतर कुठेही करू नका.

त्या फोननंतर मी घाबरले आणि शेवटी करायला हवं होतं ते केलं. गावातले जनावरांचे डॉक्टर म्हशी-बैलांचे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हे माझं काम नव्हे, वन विभागाला कळवा. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा हॅलो फॉरेस्ट क्रमांक आहे, तिथे कळवलं की ते स्थानिक माणसांशी जोडून देतात. मी तीन दिवस हा फोन का केला नाही? खरं सांगायचं तर आपल्यावरच केस होईल ही भीती. आणि भाच्याचा चेहरा.

चौथ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवरून वनरक्षक बाई आल्या. तिशीच्या असतील. चहा नको म्हणाल्या, आधी डबा बघितला, मग वही काढली. "कधी सापडलं, ताई?"

"आज चौथा दिवस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, हे मला ठाऊक होतं. असं जनावर कोणत्याही कारणाने ताब्यात आलं तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलिसांना किंवा वन अधिकाऱ्यांना कळवायचं असतं, हे मात्र ठाऊक नव्हतं. बाळगल्याचा गुन्हा शाबीत झाला तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडही पंचवीस हजारांपासून पुढे. बाईंनी हे रागावून नाही सांगितलं, रेशनकार्डाचे नियम सांगावेत तसं सांगितलं. मग आईकडे बघून म्हणाल्या, "लोक मारतात, तुम्ही फोन केला. पण पुढच्या वेळी त्याच दिवशी करा." आमचा जबाब लिहून घेतला, सही घेतली. मी पन्नाशीजवळची शिक्षिका, पहिलीतल्या मुलीसारखी उभी होते.

त्यानंतर त्यांनी पिल्लू ज्या तऱ्हेने तपासलं ते बघण्यासारखं होतं. हातात धरलंच नाही. डब्यात एक काटकी टेकवली, यशवंती तिच्यावर चढली की नाही, चारही पाय सारखे टाकते की नाही, डोळे खोल गेलेत का, तोंडाच्या कडेला फेस आहे का, शेपूट अखंड आहे का, एवढंच पाहिलं. शेपटीचं त्यांनी मुद्दाम समजावलं. पाल संकटात शेपूट टाकते, तिला पुन्हा येते. घोरपडीची शेपूट तुटली तर परत येत नाही, म्हणून तिला शेपटीला धरून कधीही उचलू नये. आमच्या भाच्याने दोनदा तसंच उचललं होतं. तो आईच्या पदराआड सरकला.

"डबा कुठे ठेवला होता?" त्यांनी विचारलं. मी ओट्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मात्र त्या वैतागल्या. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांना काही होत नाही, आपल्याला जुलाब-ताप होऊ शकतो, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जास्त. डबा, पाण्याचं झाकण, फडकं यातलं काहीही स्वयंपाकघरात जाऊ नये. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. आईने त्याच दुपारी ओटा दोनदा घासला आणि लाडवांचा डबा कायमचा माळ्यावर टाकला.

रात्रभर ठेवणं खरोखरच भाग पडलं, वन विभागाची माणसं सकाळीच येणार असतील, तर कसं ठेवायचं हेही मी त्यांना विचारून घेतलं. पारदर्शक डब्यापेक्षा बुटांचा पुठ्ठ्याचा खोका बरा, कारण अंधारात प्राणी शांत राहतो. तळाला वर्तमानपत्र किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. लपायला उलटी करवंटी किंवा सोडणाचा तुकडा. पाण्याचं उथळ झाकण. खोका मांजराच्या वाटेपासून लांब, आणि जिथे डासांची कॉईल किंवा फवारा चालू आहे अशा खोलीत तर अजिबात नाही. हे आमच्याही लक्षात आलं नव्हतं. तीन रात्री आम्ही त्याच घरात कॉईल लावून झोपलो होतो. आणि उघडून बघायचं नाही. दर तासाला झाकण उघडून आपण पिल्लाची काळजी घेत नसतो, आपली उत्सुकता भागवत असतो. हे शेवटचं वाक्य माझं आहे, बाईंचं नाही.

काही वेळा मात्र मदत करावीच लागते. अंगावर जखम असेल, रक्त येत असेल, एखादा पाय लोळत असेल, तर. मांजराच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू वरून धडधाकट दिसलं तरी त्याला डॉक्टरची गरज असते, कारण मांजराच्या दातांची भोकं बारीक असतात आणि जंतू खोल जातात. सिमेंटच्या टाकीत किंवा कठडा नसलेल्या विहिरीत पडलेल्याला वर येता येत नाही. तिथे एखादी खरखरीत फळी तिरकी सोडली की ते आपलं आपण चढून जातं. आमच्या टाकीत आता अशी फळी कायमची असते. दरवर्षी पावसाळ्यात बेडूकही तिचा उपयोग करतात.

आणि उंदरांसाठीचे ते चिकट पुठ्ठे. यंदा एप्रिलमध्ये माझ्या शेजारणीने रात्री हाक मारली, तिच्या पुठ्ठ्यावर सरड्याचं पिल्लू चारी पायांनी आणि पोटाने चिकटलं होतं. तिचे यजमान चिमट्याने ओढायला निघाले होते. ओढलं की कातडी पुठ्ठ्यावर राहते. आम्ही आधी मोकळ्या डिंकावर गव्हाचं पीठ भुरभुरलं, म्हणजे सुटलेला पाय पुन्हा चिकटणार नाही. मग कापसाच्या बोळ्याने गोडं तेल एकेका पायाखाली मुरवत गेलो, नाकातोंडात जाऊ न देता. पाऊण तास लागला. सुटल्यावर तेल मऊ कापडाने टिपलं, रात्रभर खोक्यात ठेवलं, सकाळी ऊन आल्यावर तगरीच्या झुडपात सोडलं. शेजारीण विचारत होती, थोडे दिवस ठेवून पाहूया का, बिचारं दमलंय. मी नाही म्हटलं. एवढं ठामपणे नाही म्हणायला मला यशवंतीचे चार दिवस लागले.

सरड्यांविषयी आपली मराठी माणसांची गंमतच आहे. घोरपडीचं पिल्लू, सापसुरळी, शॅमेलिऑन, बागेतला सरडा, सगळ्यांना आपण एकाच शब्दात उरकतो. आणि तिकडे २०१६ साली शास्त्रज्ञांनी पंख्यासारखा गळा फुगवणाऱ्या सरड्यांच्या एका नव्या गटाला जे शास्त्रीय नाव दिलं ते आपल्याच शब्दावरून, सरडा. त्यातली एक जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची. शब्द जगभर गेला. आपण मात्र अजून त्याचा उपयोग कुंपणापर्यंतच्या धावेपुरताच करतो.

यशवंतीला दूर कुठल्या जंगलात नेणार का, असं मी वनरक्षक बाईंना विचारलं. आंबोलीचं रान माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी मान हलवली. नव्या जागी तिला बिळं माहीत नाहीत, तिथे आधीच असलेल्या मोठ्या घोरपडी लहानग्यांना खातात, आणि इथलं काही तिथे नेणंही बरं नव्हे. जिथे सापडलं तिथूनच जवळ, दिवसाउजेडी, ऊन असताना, आडोशाशेजारी. पावसाची सर आलेली असेल तर थांबायचं. संध्याकाळी सोडायचं नाही, गारठलेल्या अंगाने तिला पळता येत नाही. अकरा वाजले होते, आभाळ मोकळं होतं. मांजराला आईने न्हाणीत कोंडलं.

परसाच्या टोकाला, गडग्यालगत एक जुनं काजूचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी बाईंनी डबा आडवा ठेवला आणि आम्हाला दहा पावलं मागे घेतलं. बराच वेळ काही हललं नाही. भाच्याने माझा हात घट्ट धरला होता. मग डब्याच्या तोंडाशी ती जीभ दिसली, एकदा, दोनदा, आणि पुढच्या क्षणी यशवंती बुंध्यावरून वर चढत होती, इतकी सरसर की आमच्या डब्यातल्या त्या मरगळलेल्या प्राण्याशी तिचा काही संबंध असेल असं वाटेना. लहान घोरपडी झाडांवर जास्त राहतात, हे बाई सांगत होत्या तोवर ती पानाआड गेलीसुद्धा. भाचा रडला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "तिने नाकतोडा एकच खाल्ला ना?"

आठवड्याने पाऊस लागला. पहिल्या उघडिपीला आई गडग्यालगतचं पडलेलं चुडत उचलायला गेली आणि तिने मला हाक मारली. काजूच्या पलीकडे वारूळ आहे, आम्ही लहानपणापासून बघत आलो आहोत. त्याच्या कुशीत एक ताजं भोक पडलं होतं. पावसाने माती वाहून गेली होती आणि भोकाच्या तोंडाशी अंड्यांची टरफलं अडकली होती, पांढरी, मऊ, चामड्यासारखी सुरकुतलेली. मी सात मोजली, आत आणखी असतील. तिथून लाकडांच्या ढिगापर्यंतचं अंतर मी चालून पाहिलं. वीस पावलं भरली.

आईने त्या वर्षी वारुळाच्या बाजूचं गवत गड्याला कापू दिलं नाही. त्याने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "असूं दे तितलां."